घरचा काटा

४ जानेवारी, रविवार
यंदा संकल्प एकच. वजन. आज ८४ भरलं. मार्चअखेर ७६ करायचं. बावीस वर्षं लोकांच्या दुकानातले काटे तपासणाऱ्या इन्स्पेक्टरला स्वतःचं वजन आवरता येऊ नये म्हणजे दिव्याखाली अंधार.
आईलाही काट्यावर उभं केलं. ५१. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडे आहे. जागा बदलली की माणूस थोडं उतरतंच. हिची दुपारपाळी असते, घरी यायला नऊ वाजतात, म्हणून आईचं रात्रीचं जेवण माझ्याकडे. जबाबदारी आनंदाने घेतली.

१२ जानेवारी
माझं ताट निम्मं केलंय. भूक म्हणून लागत नाही. लोक उगाच बाऊ करतात.
आईच्या ताटात दोन घास उरले होते. टाकवेनात. स्वयंपाकघरात नेता नेता पॅसेजमध्ये उभ्याउभ्या संपवले. उभ्याने खाल्लेलं अंगी लागत नाही.
ताईचा फोन. आई जेवते का नीट? म्हटलं, ताट चकचकीत असतं. ताई म्हणाली, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे. बरं वाटलं.

२ फेब्रुवारी
८६. घरचा काटा दोन किलो जास्त दाखवतोय, याबद्दल मला शंका नाही. आईला मात्र ४८ दाखवतो. म्हणजे एकाला जास्त, दुसऱ्याला कमी. असा लबाड काटा माझ्या नोकरीत पाहिला नाही. बाजारात सापडला असता तर जागेवर जप्त केला असता.
ही म्हणाली, आईंना डॉक्टरांकडे नेऊ या का. म्हटलं, रोज ताट रिकामं होतंय, डॉक्टरांना सांगणार काय? गप्प बसली. मुद्द्यात दम असला की माणसं गप्प बसतात.

२० फेब्रुवारी
आज बरंच उरलं होतं. भाजी, भात, पोळी. खरं म्हणजे सगळंच. आई म्हणाली, तू खा रे, तू खाल्लंस की मलाच पोट भरल्यासारखं वाटतं. आईचं मन मोडवत नाही.
निम्म्या ताटाचा नियम मात्र काटेकोर पाळला.

१६ मार्च, सोमवार
लिहू नये असा प्रसंग. किराणा दुकानात काट्याचं सील बघायला वाकलो आणि पँटचं बटण उडालं. सरळ दुकानदाराच्या पुढ्यात. त्याने ते उचललं, काट्यावर ठेवलं आणि म्हणाला, साहेब, दोन ग्रॅम. गिऱ्हाइकं हसली. दंड करावा म्हटलं तर काटा बरोबर होता.
हल्ली शिलाईच कच्ची.

२८ मार्च
९०. काटा आता हाताबाहेर गेला आहे.
हिने एक पत्ता आणलाय. संमोहनाने खाण्याच्या सवयी सोडवणाऱ्या बाई. हिच्या ऑफिसातल्या एकीचं सारखं चरत बसणं तिथे सुटलं म्हणे. मी हसलो. खंबीर मनाच्या माणसावर संमोहन चालत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ही म्हणाली, रात्री तुमचा श्वास ऐकत मी जागी असते. जाऊन येतो. तिच्या समाधानासाठी.

३ एप्रिल
चष्म्याच्या दुकानावर एक खोली. आरामखुर्ची, पंखा, एसी. हलणारा लंबक वगैरे काही नाही. जरा निराशाच झाली.
बाईंनी सांगितलं, ही झोप नाही आणि तुमच्या मनाचा ताबाही मी घेणार नाही. सवय जिथे सुरू होते तो क्षण सावकाश बघायचा, आणि तिथे वेगळं काहीतरी करायची तालीम करायची. सगळ्यांना सारखाच गुण येतो असंही नाही. दुकानदाराने इतकं खरं बोललेलं मी ऐकलं नव्हतं.
मग चौकशी. काय खाता, कधी, कुठे. म्हटलं, पॅसेजमध्ये. कुणाच्या ताटातलं? म्हटलं, आईच्या. तेव्हा भूक असते का? नसते. मग काय असतं? म्हटलं, काटकसर. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.
डोळे मिटायला लावले. मी नाटक केलं. श्वास मोजा, पॅसेज बघा, हातात ताट आहे. जड आहे की हलकं? म्हटलं, जड. का जड आहे, असं विचारलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, एसी सरळ तोंडावर होता.
शेवटी सांगितलं, ताट हातात आलं की पाय थांबतील. एक लांब श्वास. मग स्वतःला विचारायचं, हे जेवण कुणाचं?
दहा मिनिटांत आटोपलं. बाईंच्या घड्याळात पाऊण तास झाला होता. घड्याळं आमच्या खात्यात येत नाहीत, नाहीतर बघितलं असतं.

१२ एप्रिल
बाईंनी रेकॉर्डिंग दिलंय. रोज सकाळी ऐकतो. काडीचाही परिणाम नाही. मन खंबीर असण्याचा हा एक तोटा.

२० एप्रिल, सोमवार
आज पॅसेजमध्ये थांबलो.
मी ठरवलं नव्हतं. पायच थांबले. श्वास घेतला. हे जेवण कुणाचं? आईचं. ताट तसंच नेऊन ओट्यावर ठेवलं, वर झाकण घातलं.
बाईंचा यात संबंध नाही. ही निव्वळ माझी संकल्पशक्ती. जानेवारीत पेरलं ते आता उगवलं.

२३ एप्रिल, गुरुवार
चार दिवस एक घास नाही. हिला सांगणार होतो.
ही नऊला आली. ओट्यावरचं झाकण उचललं. वाढलं होतं तसंच सगळं. भाताला चमचासुद्धा लागला नव्हता. म्हणाली, आई जेवल्या नाहीत? म्हटलं, आज भूक नसेल. म्हणाली, कालही तसंच होतं, परवाही. मग थांबली आणि म्हणाली, आणि त्याच्या आधी?
मला रेकॉर्डिंग ऐकायचं होतं. खोलीत गेलो.

२४ एप्रिल, शुक्रवार
हिच्या आग्रहाखातर आईला काट्यावर उभं केलं. दंड धरून. दंड हातात मावत होता.
३८.
काटा बिघडलाय. फेब्रुवारीपासून मी हेच सांगतोय. उद्या ऑफिसातून प्रमाण वजनं आणतो आणि सोक्षमोक्ष लावतो.

२५ एप्रिल, शनिवार
वीस वीस किलोची दोन वजनं आणली. खात्याचा शिक्का असलेली. दोन हातांत दोन घेऊन जिना चढलो, मध्ये दोनदा टेकलो.
एक ठेवलं. वीस. दुसरं ठेवलं. चाळीस. उतरवलं, काटा दुसऱ्या फरशीवर ठेवला, पुन्हा लावलं. चाळीस.
काटा बरोबर आहे.
जिन्यात हात भरून आले होते. आई त्याहून कमी आहे. मला भीती वाटली. फार वाटली.
ही दारात उभी होती. बोलली असती तर बरं झालं असतं.

२७ एप्रिल, सोमवार
डॉक्टरांकडे. त्यांनी विचारलं, आजी, घास उतरतो का? आई म्हणाली, अडकतो. त्यांनी विचारलं, किती दिवसांपासून? आईने एकदा माझ्याकडे बघितलं. म्हणाली, झाला असेल आठवडा.
डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, एक आठवडा. वडीलधाऱ्यांचं बोलणं चारचौघांत खोडून काढू नये.
आईला बाहेर बाकावर बसवलं. पाणी दिलं. तिने एक घोट घेतला, छातीवर हात ठेवून तो उतरायची वाट बघितली. हे मी याआधी पाहिलंय. रोज पाहिलंय. पाणी जरा अडकलं असेल म्हणून ताट उचलायचो.
परत आत गेलो. म्हटलं, आठवडा नाही, जानेवारीपासून. डॉक्टर म्हणाले, घरात कुणाच्या लक्षात नाही आलं? म्हटलं, ताट मी रिकामं करत होतो. त्यांनी आठवडा खोडला. उद्याच घशात दुर्बीण घालून बघायचंय, आणि उशीर करू नका म्हणाले.
रिक्षात आई म्हणाली, कशाला सांगितलंस रे, तुलाच बोल लागला असता. वर म्हणाली, तू आवडीने खायचास, मला बघत बसावंसं वाटायचं.
मला कधीच आवडलं नव्हतं. थंड झालेलं असायचं.
ताईला फोन करायचाय. काय सांगायचं ते ठरत नाहीये.
संध्याकाळी सूप केलं, गाळून. अर्धा तास शेजारी बसलो. पाच चमचे गेले. आईने वाटी पुढे केली, संपव म्हणाली.
पॅसेजमध्ये पाय थांबले. वाटी ओट्यावर ठेवली. आज झाकण घातलं नाही. ही आली की दिसू दे.