लायब्ररीत बसवलेली मुलगी

फ्रीमाँट,
१८ मार्च २००४

प्रिय हिमानी,

कशी आहेस? अ‍ॅशबर्नला अजून थंडी आहे म्हणतात. मेल तू न उघडता डिलीट करतेस, म्हणून टपालाने लिहितोय. घाबरू नकोस, ‘परत ये’ नाही लिहिणार. म्हणजे लिहिलं होतं, चार पानं. फाडली.

इकडे ठीक. एमएस सोडल्यापासून प्रल्हादकाकांकडेच आहे. ते सोमवार ते गुरुवार क्लायंटकडे टेक्सासला, तेव्हा घरात मी आणि त्यांची स्वानंदी. संध्याकाकूंना जाऊन मेमध्ये वर्ष होईल. दिवाळीत तू स्वानंदीची वेणी घातली होतीस, आठवतं? बारा वर्षांची झाली. सातवीत आहे.

सोमवारी शाळेतून फोन आला. नर्सच्या खोलीत ती कमरेला जॅकेट बांधून बसली होती. पाळी आली होती. चार दिवस टिश्यू पेपरवर काढले होते, कोणाला न सांगता.

मी तापलो. “शाळेत हिला कोणी काहीच सांगितलं नाही? शाळा चालवता कशाला?” नर्सबाई उठल्या, फाइलमधून पालकांच्या परवानगीचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. जानेवारीत याच विषयावर वर्ग झाला होता. पाळी का येते, काय करायचं, सगळं. ‘पाठवणार नाही’वर खूण, खाली काकांची सही.

ती सही काकांच्या नावाने मीच ठोकली होती. तुझा शेवटचा मेल आला त्याच संध्याकाळी. “दादा, साइन कर ना, उद्या लास्ट डे,” म्हणत ती आली. मी दोन ओळी वाचल्या आणि भडकलो. “असलं वर्गात शिकायचं? आपल्यात नसतं हे.”

“मग कुठे शिकतात?”

“आई सांग...” एवढं म्हणून तिच्यावरच ओरडलो. वर्ग झाला तेव्हा तिला लायब्ररीत बसवलं होतं. एकटीला.

खरं सांगायचं ते अजून राहिलंच. गेल्या शनिवारी तिने विचारलं होतं, “दादा, आईला सुरुवातीला काय झालं होतं?” काकूंना गर्भाशयाचा कॅन्सर होता, रक्त जायचं. आम्ही लपवलं, तरी पोरीने चादरी पाहिल्या होत्या. मी म्हटलं, “गप जेव.”

सोमवारी गाडीत ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “आय थॉट इट वॉज माय टर्न.”

मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

नर्सबाई पुढच्या आठवड्यात तिला एकटीला सगळं समजावणार आहेत. काका संध्याकाळी येतील, त्यांना सहीचं सांगणार आहे. घराबाहेर काढलं तरी. पण तिचे काही प्रश्न नर्सला विचारण्यासारखे नाहीत, आणि मला तर ती काहीच विचारत नाही आता. काल फक्त एवढंच म्हणाली, “हिमानीताईला विचारलं तर चालेल?”

शनिवारी २७ तारखेला, तुमच्या दोन वाजता, फोन करशील? नंबर तोच. मी तेव्हा घरात नसेन. तुझा आवाज ऐकायचा नाही असं नाही गं. पण फोन मी उचलला तर तिच्यापर्यंत पोचू देणार नाही, मी मला ओळखतो.

ती जे विचारेल ते सगळं सांग. काही वगळू नकोस.

स्वानंदीचा दादा,
शंतनू