सासूबाईंची नडगी आणि कोंड्याचं मडकं

हिता, ऑक्टोबर अखेर

ती. योशिएताईस धाकट्या नात्सुएचा वाकून नमस्कार.

तुमच्याकडे समुद्राचा वारा गार झाला असेल आणि भावजींचा खोकला ठरल्या मुहूर्तावर सुरू झाला असेल. आमच्याकडे दारच्या काकीच्या झाडाची केशरी फळं पिकलीत, यांचं पोट वाढलंय आणि सासूबाईंची प्रकृती ठणठणीत होती. ‘होती’ का, ते पुढे येईल.

या वयात नागिनाता, ती लांब दांड्याची लढाई, कसली शिकतेस, असं तू विचारलं होतंस. शिकवणाऱ्या सासूबाईच आहेत, हे तुला ठाऊक आहे. सुनेला सासूच्या नडगीवर लांब दांड्याने वार करायची परवानगी दुसऱ्या कुठल्या विद्येत आहे, तूच सांग. शिवाय वार करताना जिथे मारायचं त्या जागेचं नाव मोठ्याने घ्यावं लागतं. (लग्नापासून तोंडावर बाही धरून पुटपुटत आले, ते आता खणखणीत आवाजात आणि नियमाने.) झटापट संपली की वाकून ‘शिकवलंत, आभारी आहे’ म्हणायचं. ते मी स्वयंपाकघरात म्हणतेच आहे, त्यामुळे तेवढा भाग पहिल्याच दिवशी जमला.

पण खरं कारण मडकं. आमची काकडी-वांगी ज्यात मुरतात ते तांदळाच्या आंबवलेल्या कोंड्याचं मडकं रोज हाताने ढवळायचा मान सासूबाईंचा, मला फक्त झाकण पुसायची मुभा. हा कोंडा म्हणे त्यांच्या सासूच्या सासूपासून चालत आलाय. आल्यागेल्याच्या ताटलीत काकडीच्या फोडीबरोबर ही वंशावळही वाढली जाते. वसंतात त्या म्हणाल्या, “सूनबाई, शरदातल्या सामन्यात माझ्या नडगीवर एक स्वच्छ वार कर, मडकं तुझं.” तेव्हापासून मी झाडूसुद्धा नडगीच्या नेमाने मारत होते. (यांचे दोन्ही पाय साक्षीदार आहेत.)

सामना झाला. त्यांनी माझ्या डोक्यावर नेम धरला, तेवढ्यात मी “नडगी!” म्हणून ओरडले आणि त्यांच्या नडगीला बांधलेल्या जाड पट्टीवर असा टोला बसला की तिन्ही पंचांचे झेंडे वर. ताई, तिथेच थांबायचं होतं. वारानंतरही समोरच्यावर नजर ठेवून गंभीर उभं राहायचं असतं, हे मला झोपेतही पाठ आहे. मी मात्र वळले, यांच्याकडे बघितलं आणि हात वर करून उड्या मारल्या. गुण रद्द. मग रागाच्या भरात केलेला पुढचा वार पट्टी सोडून गुडघ्याखाली बसला. त्याचा गुण नव्हताच, सूज मात्र मिळाली, तीही सासूबाईंना.

घरी येताना त्या यांच्या खांद्यावर रेलून म्हणाल्या, “वार छान होता गं. नाचलीस ते वाईट.”

मी हळूच मडक्याचा विषय काढला.

“गुण रद्द, मडकं रद्द. पण मला आता खाली बसवत नाही. सूज उतरेपर्यंत तू ढवळ. मालकीण म्हणून नव्हे, बदली म्हणून.”

तर असं सगळं क्षेम आहे. भावजींना नमस्कार.

तुझी नात्सुए

ता. क. मडकं बिघडलंय. त्याला थंडी वाजेल म्हणून मी ते पाय शेकायच्या मेजाखाली ठेवलं, आणि आता झाकण काढलं की यांचे मोजे बरे वाटतात. तुझ्याकडे आईचा कोंडा आहे. एक डबा भरून पाठव, वर ‘सुकी मासळी’ असं लिही. सूज उतरायच्या आत पोचला पाहिजे. पत्र त्यासाठीच होतं, वरची सगळी प्रस्तावना.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवत होते तर सासूबाई लंगडत आल्या. माझ्या हाताचा वास घेतला आणि म्हणाल्या, “बहिणीला लिहितेयस ना? डबा मोठा पाठव म्हणावं. माझ्या बहिणीने लहान पाठवला होता, पुरवता पुरवता जीव गेला माझा.”

आणि सासूच्या सासूचा कोंडा, असं मी विचारलं.

“तो पहिल्याच उन्हाळ्यात नासवला मी. काकीच्या झाडाखाली पुरलाय.”

ताई, आतून उड्या फुटत होत्या. पण या वेळी मी वळले नाही, नाचले नाही. नजर समोर ठेवून गंभीरपणे वाकले आणि म्हटलं, “शिकवलंत, आभारी आहे.”

डबा मोठाच पाठव.