‘धुणे मनाई’ या बँडच्या गाण्यांखाली लागलेल्या माझ्या नावाबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
संस्कृती विभाग, नगर परिषद,
मिटेलरोडा.

अर्जदार: सौ. गेझीने फोइक्ट, रसायनतज्ज्ञ, कापड-रंगाई कारखान्याची प्रयोगशाळा (सध्या बाळंतपणाच्या वर्षभराच्या रजेवर). राहणार १४, गेर्बर गल्ली, तळमजला, डावीकडचे दार.

विषय: ‘धुणे मनाई’ या बँडच्या गाण्यांच्या लेखिका म्हणून झालेली माझी नोंद रद्द करून माझ्या मुलीची पाळणाघरातील अडवलेली जागा मोकळी करण्याबाबत.

संदर्भ: १) माझे दि. १८ जानेवारी, १६ फेब्रुवारी, ९ मे व ४ जुलै १९८८ चे अर्ज.
२) आपल्या कार्यालयाची त्यांवरील तीन उत्तरे.
३) पाळणाघराचे दि. २९ जुलैचे पत्र.

महोदय,

हा माझा पाचवा अर्ज. आधीचे चार आपल्याकडे पोचले आहेत याबद्दल मला शंका नाही, कारण त्यांतला दुसरा आता स्टेजवर गायला जातो.

१. आमच्या खोल्यांच्या बरोबर खाली, तळघरात, इमारतीची सामायिक धुण्याची खोली आहे. तिथे चुलीवर पक्का बसवलेला तांब्याचा मोठा हंडा, एक कपडे पिळायचे यंत्र आणि जस्ताचे टब आहेत. दारावरच्या पाटीवर आठ घरांच्या पाळ्या लिहिल्या आहेत आणि किल्ली त्या पाळीप्रमाणे फिरते. माझी पाळी मंगळवार आणि शुक्रवार. माझी मुलगी रीके हिला येत्या ३ सप्टेंबरला वर्ष पूर्ण होईल, म्हणजे लंगोट किती उकळावे लागतात हे आपणास सांगायला नको. दि. १२ जानेवारी, मंगळवारी, दुपारी एक वाजता मी लंगोटांची बादली घेऊन खाली गेले, तेव्हा चूल थंड होती. हंड्यात पाण्याऐवजी लोकरी मोज्यात गुंडाळलेला मायक्रोफोन सोडलेला होता आणि आमचा पोस्टमन एगोन हा धुणे ढवळायच्या दोन दांडक्यांनी हंडा बडवत होता. एक मुलगी पिळायचे यंत्र रिकामेच चालू-बंद करत होती. एकजण गिटार वाजवत होता, निदान त्याच्या हातात ती होती. आणि दफनभूमीत फुलझाडांची निगा राखणारी कॉर्डुला ही भिंतीकडे तोंड करून ओरडत होती.

मी पाटीकडे बोट दाखवले. कॉर्डुला म्हणाली, “फोइक्टबाई, दहाच मिनिटं द्या हो. हंडा तापला की बेसूर होतो.”

मी म्हटले, “आणि लंगोट नाही तापले की माझ्या मुलीला पुरळ येतं.”

त्यावर एगोन म्हणाला, “ऐकलंत? बाईंच्या बोलण्यात ताल आहे.” हे मी तेव्हा थट्टा समजून सोडून दिले. सोडायला नको होते.

२. किल्ली त्यांना आमच्या इमारतीत कोण राहते, कोण येते-जाते याची रहिवासी वही सांभाळणारे श्री. श्यूबेल (वय ७१) यांनी दिली होती. मी त्यांना जाब विचारला. ते म्हणाले, “पोरं खाली वाजवतायत तोवर ती कुठे आहेत ते मला कळतं. वहीत लिहायला सोपं जातं.” पाटीवर पाळ्यांच्या खाली ‘रविवारी व सणाच्या दिवशी धुणे मनाई’ असे लिहिलेले आहे. बँडने त्यातले शेवटचे दोन शब्द आपले नाव म्हणून घेतले. अशा रीतीने पाटीवरचा जो एकच नियम आजवर सगळे पाळत होते, त्याचीही चेष्टा झाली.

३. दि. १८ जानेवारीच्या माझ्या पहिल्या अर्जावर आपल्या कार्यालयाने कळवले की, सदर आवाज संगीत असल्यास तो संस्कृती विभागाचा विषय आहे, संगीत नसल्यास गृहनिर्माण विभागाचा. तरी तो काय आहे हे अर्जदाराने पुराव्यासह स्पष्ट करावे.

महोदय, मी प्रयोगशाळेत नऊ वर्षे नोंदी ठेवल्या आहेत. मला जे विचारले गेले ते मी केले. दोन आठवडे, दुपारी एक ते तीन, म्हणजे रीकेच्या झोपेच्या वेळात, मी जमिनीवर बसून खालून येणारा शब्द न् शब्द लिहून घेतला. चार गाणी भरली. प्रत्येकाची सुरुवात आणि शेवट घड्याळ पाहून नोंदवला. जिथे व्यत्यय आला तिथे व्यत्यय नोंदवला. मग मध्ये कार्बन घालून तीन प्रती टंकलिखित केल्या, कारण आपल्या कार्यालयास तीन प्रती लागतात. दि. १६ फेब्रुवारीच्या अर्जासोबत त्या जोडल्या. पोच म्हणून तिन्ही प्रतींवर गोल शिक्का बसला.

४. आपल्या कार्यालयाने निर्णय दिला की, शब्द आहेत त्या अर्थी ते संगीत आहे. आणि संगीत आहे त्या अर्थी ते विनापरवाना आहे. सबब बँडने परवाना समितीसमोर हजर व्हावे. इथवर मी समाधानी होते.

समितीला गाण्यांचे शब्द तीन प्रतींत लागतात. या चौघांनी आयुष्यात एक ओळ कागदावर उतरवलेली नव्हती. पण फायलीत माझ्या तीन प्रती होत्या, टंकलिखित, शिक्क्यासह. चिटणीसबाईंनी त्या बँडनेच सादर केल्या असे समजून समितीपुढे ठेवल्या. प्रतींच्या शेवटी माझी सही होती. ‘लेखक’ या रकान्यात ती सही उतरवली गेली.

५. दि. १९ एप्रिल रोजी, पुन्हा मंगळवारी, तीन सदस्यांची समिती धुण्याच्या खोलीत आली. मंजुरीसाठी सादर झालेला मजकूर अक्षरही न बदलता म्हणून दाखवावा, असा नियम आहे. कॉर्डुलाने तो म्हटला, अगदी सगळाच. मी वर रीकेला मांडीवर घेऊन बसले होते आणि जमिनीतून माझीच नोंद मला ऐकू आली: “गाणे दुसरे. एक वाजून दहा मिनिटे ते एक वाजून चौदा. येथे मूल जागे होते. येथे मूल जागे होते. पुढील दोन ओळी ऐकू आल्या नाहीत.”

समितीतले वयस्कर गायनमास्तर म्हणाले म्हणे, की तरुण पिढीत वेळेचे असे भान त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते. बँडला ‘मध्यम’ श्रेणी मिळाली आणि परवान्याचे कार्डही मिळाले, ज्याला ही मंडळी नुसते ‘पुठ्ठा’ म्हणतात. त्या संध्याकाळी एगोन माझ्या दारात केक ठेवून गेला. मी तो परत केला. रीकेने एक कोपरा आधीच खाल्ला होता, हेही नमूद करते.

६. तक्रार करण्यापूर्वी हा बँड आमच्या आठ घरांना माहीत होता. तक्रारीनंतर तो आधी युवक क्लबात वाजला, मग चर्चच्या दालनात, आणि जूनमध्ये लाइपझिगच्या विद्यार्थ्यांसमोर. तिथे तीनशे माणसे होती असे सांगतात. तो हंडा चुलीत पक्का बसवलेला आहे. त्यांनी दुसऱ्या इमारतीतून तसाच मिळवला, हातगाडीवर नेला. कॅसेटवरून कॅसेट उतरते आहे. ‘पुढील दोन ओळी ऐकू आल्या नाहीत’ हे शब्द येतात तेव्हा सगळे सभागृह गप्प होते आणि मग एकदम छप्पर उडेल असा आरडाओरडा होतो. का, ते आपणास कळेल. मला कळायला थोडा वेळ लागला.

पावाच्या दुकानात बाई मला सुटे द्यायच्या आधी म्हणतात, “काय फोइक्टबाई, जागं झालं का मूल?” रांगेतले हसतात. जुलैत तर परगावची दोन मुले, केस कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे केलेली, दुपारी दोन वाजता घंटी वाजवून म्हणाली, “लेखिका इथेच राहतात ना? सही पाहिजे होती.” मूल जागे झाले.

७. दि. २१ जून रोजी चांगले बूट घातलेले दोन गृहस्थ घरी आले. त्यांनी कोणते कार्यालय ते सांगितले नाही, मीही विचारले नाही. एकाने विचारले, “ऐकू आल्या नाहीत, असं का लिहिलंत? कोणी ऐकू दिल्या नाहीत?”

मी म्हटले, “माझ्या मुलीने.”

“आणि त्या ओळी कोणत्या?”

“मी लंगोट बदलत होते हो!” मी म्हटले. त्यांनी ते लिहून घेतले.

मग त्यांनी तिसरे गाणे काढले. ‘सोमवारी निळी नदी, मंगळवारी लाल, गुरुवारी हिरवी, मासे विचारतात वार.’ नदी आमच्या रंगाई कारखान्याच्या खालच्या अंगाने वाहते आणि मी त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेतली. कोणत्या दिवशी कोणता रंग सोडला जातो हे बाहेर कोणी सांगितले, असा त्यांचा प्रश्न होता. मी म्हटले, पुलावर उभे राहून कोणीही पाहू शकते. मी स्वतः बाबागाडी घेऊन रोज त्या पुलावरून जाते. “रोज?” त्यांनी विचारले. तेही लिहून घेतले.

८. आता मुख्य मुद्दा. मला १ सप्टेंबर रोजी कामावर रुजू व्हायचे आहे. माझे पती हेनिंग हे गॅसवाहिनीच्या कामावर सोव्हिएत संघात आहेत आणि नाताळापर्यंत येत नाहीत. रीकेला पाळणाघरातली जागा मार्चमध्येच मंजूर झाली होती. तिच्या सगळ्या कपड्यांवर मी नावाची फीत शिवली आहे, एकोणतीस फिती, टोपीसुद्धा. दि. २९ जुलैच्या पत्राने पाळणाघराने कळवले की, नगर परिषदेच्या नोंदीनुसार अर्जदार ही स्वतंत्र लेखिका असून ती घरी बसून काम करते. घरी असलेल्या मातेस जागेची गरज नाही. सबब जागा रोखून धरण्यात येत आहे. लेखकाच्या रकान्यात बदल झाल्यास पुनर्विचार होईल.

मी त्याच दिवशी आपल्या कार्यालयात आले. खिडकीवरच्या बाईंनी मला एक फॉर्म दिला. त्या चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, “रकाना रिकामा ठेवता येत नाही, बाई. तुमचं नाव खोडायचं तर दुसरं घाला. खरं कोण ते तुम्हाला माहीत असणारच, तुमच्याच खाली तर वाजवतात.”

९. तो फॉर्म तेरा दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे. त्या काळात काय घडले ते मी घडले तसे नोंदवते.

शनिवारी एगोन टपाल द्यायला आला आणि म्हणाला, “माझं नाव घाला. पोस्टातून काढून कुठे टाकणार, पत्रपेटीत?” सोमवारी पिळायच्या यंत्रावरची मुलगी आली. तिनेही सगळी गाणी आपलीच असल्याचे सांगितले. मंगळवारी गिटारवाला आला. त्याला दुसऱ्या गाण्याचे शब्दही नीट आठवत नव्हते. शुक्रवारी, माझ्या पाळीच्या दिवशी, मी खाली गेले तर चूल पेटलेली होती आणि माझे लंगोट उकळून, पिळून, घड्या घालून ठेवलेले होते. कॉर्डुला ओल्या हातांनी उभी होती. म्हणाली, “बाई, लिहून टाका कॉर्डुला. मी आधीच दफनभूमीत कामाला आहे. याच्या खाली कुठे पाठवतील?” ती हसली. टबाची कड मात्र तिने सोडली नाही.

आणि रविवारी श्री. श्यूबेल कोट घालून आले. “मीच ती गाणी लिहिली असं लिहा,” ते म्हणाले. “मी पेन्शनर. फार तर देशाबाहेर हाकलून देतील. माझी बहीण पलीकडे पश्चिम जर्मनीत, हानोफरला असते, तिचं इकडे यायचं तिकीट तरी वाचेल.” मी म्हटले, श्यूबेलसाहेब, तुम्हाला तर नीट ऐकूही येत नाही. ते म्हणाले, “मग माझ्याइतका निर्दोष लेखक कुठे मिळणार?”

१०. तर महोदय, माझ्यापुढे एका रकान्यासाठी पाच नावे आहेत, पाचही स्वखुशीने दिलेली आणि एकमेकांशी न जुळणारी. प्रयोगशाळेत अशी मोजणी आली तर आम्ही त्यातली सोयीची एक उचलत नाही; मोजणी रद्द करतो. मी जे ऐकले ते जमिनीतून ऐकले. जमिनीतून आवाज येतो, चेहरा येत नाही. लेखक म्हणून घालावे असे कोणाचेही नाव मला माहीत नाही आणि यापुढे माहीत होणार नाही.

माझ्या मुलीच्या जागेसाठी मी काय काय केले असते याचा मी या तेरा दिवसांत पुष्कळ विचार केला. या बँडवर माझा राग आहे. तो कमी झालेला नाही. मंगळवारी मला हंडा हवा आहे आणि एक ते तीन शांतता हवी आहे. पण कोणाच्या तरी मुलीचे नाव देऊन माझ्या मुलीचे नाव पाळणाघराच्या खुंटीवर लावायचे, हे मला जमले नाही. बसून पाहिले. लेखणी उचलून पाहिली.

तरी विनंती अशी:

रकाना रिकामा ठेवावा. नियमात ते बसत नसल्यास त्यात माझे नाव आहे तसे राहू द्यावे. मात्र मी घरी बसणारी लेखिका नाही; मूल झोपले असताना, तेही कार्यालयाने विचारल्यावरून, एकदाच लिहिलेली बाई आहे, अशी नोंद पाळणाघरास कळवावी आणि रीकेची जागा १ सप्टेंबरपूर्वी मोकळी करावी. चार आठवड्यांत उत्तर देण्याचा कायदा आहे. मजजवळ तीनच आहेत.

आणि माझे नाव राहणार असेल तर मजकूर अचूक असला पाहिजे. तिसऱ्या गाण्यात नदी गुरुवारी हिरवी असल्याचे म्हटले आहे. ते फेब्रुवारीपुरते बरोबर होते. जूनपासून ती गुरुवारी तपकिरी असते. मी सलग नऊ गुरुवार पुलावरून पाहिले आहे, वेळेच्या नोंदींसह. दुरुस्त ओळ तीन प्रतींत सोबत जोडली आहे. कृपया तिन्हींवर शिक्का मारावा.

आज गुरुवार आहे. हा अर्ज द्यायला त्याच पुलावरून येणार आहे. जाता जाता पुन्हा एकदा पाहीन.

शिक्क्याची वाट पाहणारी,
आपली नम्र,

(सही)
गेझीने फोइक्ट

मिटेलरोडा, गुरुवार, दि. ११ ऑगस्ट १९८८

सोबत:
१) पाळणाघराच्या पत्राची नक्कल.
२) लेखक बदलण्याचा फॉर्म, कोरा, परत.
३) दुरुस्त ओळ: ‘गुरुवारी तपकिरी, मासे विचारत नाहीत.’ तीन प्रती.