बाद केलेला पत्रा

१२ नोव्हेंबर

ताईस,

ढब्बूचा नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, आई त्यांच्याहून जास्त. मी अजून जाडच आहे. इतकी वर्षं पत्र नाही आणि आज एकदम कसं, असं म्हणशील. माझं डोकंच ठिकाणावर नाही गं.

काल आपल्या कोरीव छपाईच्या कारखान्यात बाबांचं टेबल आवरत होतो. का, ते पुढे सांगतो. खालच्या खणात फडक्यात गुंडाळलेला तांब्याचा पत्रा निघाला, काडेपेटीहून जरासा मोठा. त्यावर बाबांनी कोरलेला तुझा चेहरा, एका बाजूने. तोच, तू बाबांच्या मनाविरुद्ध लग्न करून निघालीस त्या दिवशी त्यांनी तुझ्यादेखत बाद केलेला. छाप काढून झाले की पत्र्यावर फुली मारायची, म्हणजे पुन्हा कुणी छापू नये, ही आपल्या धंद्यातली पद्धत. पण त्या दिवशी बाबांनी तुझ्या कपाळापासून हनुवटीपर्यंत दोनदा आडवीतिडवी कोरणी ओढली, ती काही धंद्यासाठी नव्हती. तू चपला घातल्यास आणि गेलीस.

पत्रा काळवंडला होता, चेहरा तेवढा ओळखू आला. म्हटलं, फुलीसकट का होईना, एक छाप काढू. शाई भरली, पुसली, कागद ओला केला, यंत्राचं चाक फिरवलं. कागद उचलला आणि खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिला.

फुली नव्हती.

कोरलेली रेघ अशी जात नाही, तुला माहीत आहे. पत्रा खरवडायचा, मागून ठोकून खळगा वर आणायचा, घासून गुळगुळीत करायचा आणि तिथला गाल, तिथले केस नव्याने कोरायचे. महिनोन्‌महिने जातात. हे सगळं माझ्या नाकाखाली चाललं होतं आणि मला पत्ता नाही!

पुढचं ऐक. छापातली तू तेव्हाची नाहीसच. चष्मा आहे. कानाशी पांढरे केस आहेत. हनुवटीखाली, रागावू नकोस, थोडी माझ्यावर गेली आहेस. तुला चष्मा लागलाय का गं?

छाप घेऊन तसाच आईकडे धावलो. तिने तो पाहिला आणि सगळं सांगून टाकलं. बाबा दर महिन्याला कागद आणायला जायचे ना, ते तुझ्या गावी. कागद काय, इथेही मिळतो. तुझ्या औषधाच्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडे उभे राहायचे. तू गल्ल्यावर बाजूला तोंड करून बसतेस म्हणे. आत यायचा धीर त्यांना कधी झाला नाही.

आता टेबलाचं. वर सगळं ठीक लिहिलं, ते खोटं. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, दीड महिना होत आला. उजवा हात गेला, बोलणं जवळजवळ बंद. ताईला कळवू का विचारलं की तोंड फिरवायचे. मला मेल्याला वाटलं, राग अजून गेला नाही. डॉक्टर म्हणतात, पुन्हा झटका आला तर भरवसा नाही.

संध्याकाळी छाप त्यांच्या हातात दिला. डाव्या हाताने धरून बराच वेळ बघत राहिले. मग एकेक शब्द ओढत म्हणाले, "समोरून कशी दिसते, ते आठवत नाही."

आणि रडले. आपले बाबा, ताई! मी कधी पाहिलं नव्हतं गं.

पत्र मिळताच नीघ. आलीस की दारात घुटमळू नकोस, कुणाशी बोलत बसू नकोस. सरळ आत जा आणि त्यांच्या समोर बस.

तू येईपर्यंत त्यांच्या उशाशी बसलेला,
तुझा ढब्बू