वरचं गोड पाणी

४ जानेवारी २०२५
नाही जाणार!

अल्पेशचा उलव्याहून फोन. पुन्हा तेच. "आई, विहिरीत समुद्र घुसला. आता हट्ट सोड." तिकडे फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, नातीला आजी हवी आहे — सगळं खरं. पण माझा पांढरा कांदा इथे आहे. पातीचे शेंडे करपलेत, वाफ्यांवर मिठाची साय धरली आहे. ते डोळ्यांनी दिसतंय. शेवटी चिडून म्हटलं — कांदा गेला तर मुकाट्याने येईन. आला, तर फ्लॅटचं नाव काढायचं नाही.

तो हसला. चालेल, म्हणाला. त्या हसण्याचाच जास्त राग आला.

५ जानेवारी
पाइपच्या पाण्याचा चहा ओतून दिला. खारट.

६ जानेवारी
सकाळी लाइट गेलेली. चहासाठी दोराने बादली काढली. चहा झकास! पुन्हा एक बादली काढून चाखली — गोड. लाइट आल्यावर पंप लावला, पाइपच्या तोंडाशी ओंजळ धरली — थू! विहीर एकच, पाणी दोन तऱ्हेचं?

दुपारभर कट्ट्यावर बसून राहिले. बादली वरवर बुडते. अल्पेशने दिवाळीत बसवून घेतलेला पंप पार तळाला लटकतोय. म्हणजे गोड पाणी वर तरंगतंय, खारं खाली बसलंय, आणि हा दांडगा खालचंच ओढतोय! वर झऱ्याचं गोड पाणी साचायच्या आत विहीर उपसतो, मग खाडीचं आत शिरणारच. नाकापेक्षा मोती जड.

ह्यांचा पंप एवढासा होता. वर कट्ट्यावर बसायचा. घटकाभर चालवायचे, मग बंद. विहिरीला दम खाऊ दे म्हणायचे. लोक हसायचे. हे जाऊन इतकी वर्षं झाली आणि मला आज कळतंय!

७ जानेवारी
शेजारच्या ठमीला हाक मारून ह्यांचा पंप पडवीतून बाहेर काढला. दोघी साठीच्या पुढच्या. ठमी वाटेत दोनदा बसली. "जने, कांद्यापायी कंबर मोडशील गो." मोडू दे.

जोडला. घुंऽऽ करून आवाज खूप, पाणी थेंब नाही.

८ जानेवारी
कारण सापडलं. हा पंप हवा ओढत नाही. खालचा पाइप आधी पाण्याने काठोकाठ भरावा लागतो, तेव्हा तो पुढचं पाणी ओढतो. आणि भरलेलं पाणी खाली निसटू नये म्हणून पाइपच्या टोकाला फुटव्हॉल्व्ह — आत येऊ देतो, परत जाऊ देत नाही. त्याचा वॉशर वाळून चिरला होता. मी वरून कळशा ओतत होते आणि ते खालून विहिरीत जात होतं! सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला. पंपावरचं बूच काढून भरत गेले, बुडबुडे थांबेपर्यंत. मग खटका दाबला.

आलं! ठमीने आधी चाखलं. "गोड हाय," म्हणाली आणि तोंडच धुऊन घेतलं.

९ जानेवारी
पाणी खाली गेलं की पाइप उघडा पडतो, आत हवा शिरते, पुन्हा सगळं भरा. पाइप खाली सोडला की खारं. करू काय? डोकं फुटायची वेळ.

१० जानेवारी
वाकणारा पाइप आणला. टोकापासून दोन हात वर तेलाचा रिकामा कॅन बांधला, टोकाचा फुटव्हॉल्व्ह त्याच्या खाली. कॅन तरंगतो, पाणी उतरलं की पाइपही उतरतो. राहतो मात्र कायम वरच्या पाण्यात. ठमी म्हणे बदक पोहतंय. पोहू दे बाई!

१४ जानेवारी, संक्रांत
अल्पेश विचारतो, बॅग भरलीस का. म्हटलं, तीळगूळ घ्यायला ये, बॅग बघू मग. आला नाही.

२ फेब्रुवारी
सकाळी घटकाभर, संध्याकाळी घटकाभर, बाकी वेळ विहीर झोपते. खाडीकडचे वाफे गेले, ते जातच होते. बाकीच्यांना हिरवी पात फुटली. मला आज उगाचच ह्यांच्याशी भांडावंसं वाटलं. हे सगळं मला तेव्हाच का नाही समजावलं?

९ मार्च
कांदा काढला! लहान आहे, पण कांदा आहे. पडवीत बसून वेण्या विणल्या, आढ्याला टांगल्या. अल्पेशला फोन केला. "बरं झालं" म्हणाला आणि लगेच फोन ठेवला. मला वाटलं, भरून आलं असेल पोराला.

११ मार्च
मोठा पंप वर काढायला सदा मेकॅनिक आला होता. दिवाळीत त्यानेच बसवलेला. तरंगता कॅन बघून मान हलवली. मग दोर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "काकी, मी अल्पेशला तवाच सांगलं व्हतं, तळाचं पानी खारं हाय, पंप तिथं सोडू नको. तो बोलला, तिथंच सोड. त्याबिगर आई गाव सोडनार न्हाय."

सदाला चहा दिला. बादलीतल्या पाण्याचा.

मग फोन केला. म्हटलं, नातीला घेऊन ये. कांद्याची एक वेणी तिची. पंप तुझा, तो घेऊन जा.