‘येतो’ म्हणणारी माणसं

तेलगाव
बुधवार, १८ डिसेंबर २०२४
दुपारी सव्वातीन. दुकानात सायकलची ट्यूब पाण्यात धरली आहे, बुडबुडा शोधता शोधता लिहितो आहे.

सौ. वनिताताईस,
सतीशचा नमस्कार. आईचे गुडघे बरे आहेत. शेळी व्याली, दोन पिल्लं. दाजींच्या बोटाला कोयता लागला होता, ते भरलं का? फोनच केला असता, पण फोन वाजला की तुझी दीपू दाराआड उभी राहून ऐकते. म्हणून धुळाजीच्या ट्रकबरोबर पत्र पाठवतो.

दीपू चावते, हे तुझ्या कानावर आलंच असेल. आधी बंकटमामाला चावली. मग अंगणवाडीच्या सत्यशीलाबाईंना, रक्त येईपर्यंत. बाई म्हणाल्या, "पुन्हा असं झालं तर घरीच ठेवा." आईने दृष्ट काढली, मिरच्या जाळल्या. आता म्हणते, "धाड तिला तिच्या मायकडं. चार वर्साची हाय, पर लई आगाव हाय." तिथे पाचटाच्या कोपीत तिला कोण बघणार? तुम्ही दोघं पहाटेच ऊस तोडायला फडात जाता. मला घोर लागला.

सोमवारी दुकानाला निघताना "येतो" म्हणालो, तर माझ्याच पोटरीला चावली. ओरडणार होतो. पण तिचं तोंड रागाचं नव्हतं, भ्यालेलं होतं. खाली बसलो.

"कावून चावलीस गं?"

"आई बी येते म्हनली व्हती."

मामा उठताना "येतो" म्हणाले होते. बाई घरी निघताना "येते हं" म्हणाल्या होत्या. ताई, ट्रकमध्ये चढताना तूही तेच म्हणालीस. आपल्यात सगळे तसंच म्हणतात, पण तिला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

काल मी म्हणालो, "दीपू, जातो. दिवे लागले की परत."

आई चुलीपासून ओरडली, "जातो म्हनू न्हाई रं, मुडद्या!"

दीपूने मात्र माझ्या चपला आणून दिल्या. दिवे लागायच्या आधीच घरी पोचलो, एक गिऱ्हाईक तसंच सोडून. ती उंबऱ्यावर बसली होती. आत जाऊन आजीला म्हणाली, "आला." एवढंच.

आज चावली नाही. बाईंनाही सांगितलं, त्या आता निघताना "उद्या भेटू" म्हणतात. आईच्या तोंडून "जाते" निघत नाही, ती नुसतं "दळण" म्हणते आणि डबा घेऊन चालू लागते. पण दीपूला ट्रकने तुझ्याकडे धाडायचं तिने अजून सोडलेलं नाही. म्हणते, संक्रांतीपर्यंत बघू.

आता राहिलेलं. दीपूला फोन दे म्हणतेस, तेव्हा मी "झोपली" म्हणतो. ती झोपलेली नसते. दर वेळी तू "लवकर येते हं" म्हणतेस, म्हणून ती फोन घेत नाही.

संक्रांतीला येशील, तेव्हा निघताना तिच्यासमोर बसून सांग, "जाते, होळी झाली की परत." रडेल. रडू दे, मी आहे.

तू ठेवलेल्या पाचशेतून बाईंची मलमपट्टी एकशे वीस, दीपूचं स्वेटर दोनशे ऐंशी, शिल्लक शंभर. बाहेर देणं काही नाही. दीपूचं तेवढं एक ‘जाते’ तुझ्याकडे बाकी आहे.

तुझा,
सतीश