मोठा खडा, लहान खडा

माँट्रोझ, ५ मे १८६८
एकदाची नोकरी मिळाली, तीही पोरीसकट! विधवेला लेकरासह कोण ठेवून घेतं? पण ऑकिन्लेक बाईसाहेबांनी माझ्या एल्स्पेथच्या तांबूस केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ग्रिझेल, घरात पोर हवंच गं." खोलीला खिडकी आहे, खिडकीतून समुद्र दिसतो. जेवायला हेरिंग मासे आणि ओटची भाकरी, पोटभर. एल्स्पेथ जिन्यावर नुसती उड्या मारते आहे.

९ मे
बाईसाहेबांचं चांदीचं कडं आज पुसायला मिळालं. माझे वडील खडे बसवायचे, त्यामुळे असं काम पाहिलं की मला राहवत नाही. अकीक, गोमेद, जांभळा स्फटिक. एक मोठा, एक लहान, पुन्हा मोठा, पुन्हा लहान. प्रत्येकाखाली केसांचं वेटोळं. गेलेल्या माणसाचे केस आमच्याकडे सगळेच जपतात. शेवटची जोडी तेवढी पांढरी आणि रिकामी.

स्वयंपाकीण लॉरिमरबाई म्हणाल्या, बाईसाहेब सत्तरीच्या आहेत. मी हसले. डोकं पांढरं आहे खरं, पण चेहऱ्यावर एक सुरकुती नाही! "हस बाई, हस," म्हणाल्या आणि मासे साफ करत बसल्या.

१४ मे
बाईसाहेबांनी एल्स्पेथची एक बट मागितली. जिवंतपणी केस मागायचे म्हणजे केवढी माया! माझा ऊर भरून आला. म्हटलं, एल्सी, पळ, कात्री आण. बट लहान पांढऱ्या खड्याखाली बसवली.

१९ मे
एल्स्पेथ जिना चढताना दमते. लापशी तशीच टाकते. लहान खडा तांबूस दिसू लागलाय. पांढऱ्या खड्याखाली रंगीत वर्ख घालून गिऱ्हाइकाला फसवतात, तसंच काही असेल. बाईसाहेबांच्या कपाळावर मात्र तांबूस केस आलेत. मला भीती वाटते आहे.

२४ मे, रविवार
चर्चला दागिना घालून जाणं इथे पाप, म्हणून कडं घरीच होतं. एल्स्पेथ डोळे उघडेना. सुरीने लहान खडा उचकटला. वर्ख नाही. नुसते तिचे केस, आणि उबदार—

ते उपटून काढले. वळले तर बाईसाहेब दारात. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तिचे नकोत, तर तुझे दे. तुझे जाड आहेत, मोठ्या खड्यात बसतील. पोर उठेल." मी वेणीच कापून दिली. विचार कसला करायचा त्यात?

२७ मे
उठली माझी पोर! दोन वाट्या लापशी खाल्ली. मलाच जिना चढवत नाही—

३० मे
मोठा खडा काळाभोर झाला. बाईसाहेबांच्या भुवया आता माझ्यासारख्या.
लॉरिमरबाई सूप घेऊन आल्या, रडत होत्या. आधी का नाही बोललात, विचारलं. म्हणाल्या, "तू पोरीला घेऊन पळाली असतीस. मग बाईसाहेबांची नजर माझ्या सुनेवर आणि नातीवर गेली असती."

१ जून
हात उचलवत नाही. मोठा, लहान. मोठा, लहान. सगळ्या आयांनी हेच केलं—

२ जून
बाईसाहेब माझ्या खाटेच्या पायथ्याशी. मांडीवर एल्स्पेथ, केस विंचरून घेते आहे. लहान खडा पुन्हा पांढरा, रिकामा.
ओरडायचंय. आवाज—
बाईसाहेब तिच्या कानात काहीतरी म्हणाल्या. एल्सी हसली. उडी मारून पळाली. कात्री कुठे असते ते तिला ठाऊक आहे, मीच तर—
जिन्यावर पावलं. नको एल्सी, आणू न—